तीन बोटांचा रंग

४ जानेवारी

मामा,

तू विचारलंस म्हणून आधी तब्येतीचं. जखम पूर्ण भरली. डाव्या हाताची शेवटची तीन बोटं गेली याची मला आता सवय झालीय, लोकांना व्हायचीय. बसमध्ये शेजारची बाई आधी माझ्या हाताकडे बघते, मग तोंडाकडे, मग परत हाताकडे, आणि मग, ‘कसं झालं गं?’ मी सांगते, दुकानाचं शटर पडलं. पुढचा प्रश्न ठरलेला. ‘लग्न झालंय का?’ आता शटरचा आणि लग्नाचा काय संबंध ते तीच जाणे.

हे सगळं फोनवर ओरडून सांगण्यापेक्षा पत्र बरं. तुमच्या कृत्रिम हातापायांच्या वर्कशॉपमधल्या मशीनांनी तुझे कान खाल्ले आणि आम्हाला लिहायला लावलं.

आता कामाचं. आमच्या चष्म्याच्या दुकानातले काउंटरवरचे काका मार्चअखेर निवृत्त होतायत. मी सहा वर्षं मागच्या खोलीत काचा घासते, पण काउंटरवरचं काम मला त्यांच्याइतकंच येतं. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर फ्रेम बसवायची, कानामागे काडी किती वाकवायची ते बघायचं, नाकावर ओरखडा उठणार नाही अशी पट्टी दाबायची. खरं तर काकांची निम्मी कामं मीच करते. ते फ्रेम आत पाठवतात, मी काडी गरम करून वाकवून देते, आणि ते बाहेर जाऊन ‘बघा, कशी बसली’ म्हणतात. मला त्याचं काही नाही, माणूस चांगला आहे.

शटर पडलं त्या दिवशी मालक दवाखान्यात आले होते. आईसमोर, डॉक्टरांसमोर म्हणाले, ‘बोटं बसवून घे, मार्चनंतर काउंटर तुझं.’ आधीची सहा वर्षं का नव्हतं ते मी लिहिलं तर तू मला लेक्चर देशील. तरी लिहिते. त्यांना काउंटरवर ‘प्रसन्न चेहरा’ लागतो. काकांच्या हाताखाली आजवर दोन मुली येऊन गेल्या, दोघीही फार प्रसन्न. म्हणजे दोघी गोऱ्या. एकीला तर जवळचा आणि लांबचा नंबर यातला फरक शेवटपर्यंत कळला नाही.

तू म्हणालास तसा स्टुडिओत जाऊन उजव्या हाताचा फोटो काढलाय, दोन्ही बाजूंनी. सोबत पाठवतेय. नोव्हेंबरात तू साचा घेतलास तेव्हा हातावर सूज होती म्हणून रंग राहिला होता. आता तोच तेवढा नीट कर. मला मार्चच्या आत बोटं हवीत मामा. ते काउंटर मला हवंय.

तुझी
मिरी


१६ जानेवारी

मिरे,

पत्रासोबतची डबी जपून उघड. तुझी बोटं आहेत. कापसात गुंडाळलीत, खाली पाडू नकोस.

गेले काही दिवस मी दुसरं काही हातात घेतलं नाही. आमचे साहेब म्हणाले, भाचीचं काम आहे म्हणून एवढा जीव लावताय का? म्हटलं, हो, त्यासाठीच. नखं बघ. नखाच्या मुळाशी चंद्रकोर असते ना, तीसुद्धा काढलीय. साबणाच्या पाण्याने धू, उन्हात ठेवू नकोस, आणि पहिले काही दिवस थोडा थोडा वेळच घाल.

आता लेक्चर. तुझ्या मनात हे रंगाचं कुठून भरलं गं? आईच्या तोंडून ऐकून ऐकून? तिचा काळ वेगळा होता. आता कोण बघतं रंग? लोक काम बघतात. मालकाने तुला मागे ठेवली कारण काचा घासायला तुझ्यासारखा हात त्याला दुसरा मिळाला नसेल. चांगला कामगार कोणी सहजासहजी जागेवरून हलवत नाही. सगळ्यात एकच गोष्ट शोधत बसलं की तीच दिसायला लागते. डोक्यातून काढून टाक आणि हसतमुखाने काउंटरवर उभी राहा.

बसल्यावर कळव. कशी दिसतात ते मला ऐकायचंय.

मामा


२३ जानेवारी

मामा,

नमस्कार नंतर करते, आधी भांडण.

कुणाची बोटं पाठवलीस? डबी उघडली तर आत गव्हाच्या पिठाच्या गोळ्यासारखी तीन बोटं. मला वाटलं पार्सल बदललं. मग वाटलं, घातल्यावर बरी दिसतील. घातली. माझा हात, माझा अंगठा, माझं पहिलं बोट, आणि पुढे तीन बोटं कुणातरी परक्या बाईची. तिला माहीत तरी आहे का?

बसण्यात काही चूक नाही, अगदी घट्ट बसलीत. नखंसुद्धा सुंदर. म्हणून तर जास्त चिडचिड होतेय. नुसतं वाईट काम असतं तर फेकून दिलं असतं.

मग मी फोटो काढून बघितला, माझ्याकडे दुसरी प्रत होती. आणि डोक्यात प्रकाश पडला. तडक स्टुडिओत गेले. म्हटलं, हा माझा हात आहे का? तो म्हणाला, ‘हो ताई, तुमचाच.’ म्हटलं, मग हा रंग कुणाचा? तर हसत म्हणतो, ‘थोडं उजळ केलंय. सगळ्यांनाच करून देतो, वेगळं सांगावं लागत नाही.’ मी सांगितलं की याच्यावरून कृत्रिम बोटांचा रंग ठरणार होता. तर म्हणे, ‘मग तर चांगलंच झालं की!’

आता याला काय बोलायचं, सांग. वाईट माणूस नाही तो. त्याने माझ्यावर उपकारच केलेत त्याच्या मते.

पण खरा कहर दुकानात झाला. मालकांनी बोटं बघितली आणि खूश झाले. ‘छान आलीत. रंग छान आहे.’ मामा, सहा वर्षांत त्या माणसाने माझ्या कुठल्याही गोष्टीला पहिल्यांदा छान म्हटलं, तर ते सिलिकॉनला.

ही मी घालणार नाही. फोटोबिटो आता बंद. तुमच्याकडे रंग जुळवायच्या चकत्या असतात ना, त्या पाठव. मी हातावर ठेवून नंबर कळवते.

मिरी


१ फेब्रुवारी

मिरे,

कान धरले. फोटोवर विश्वास ठेवायला नको होता. पण माझी बाजूही ऐक. फोटो आला तेव्हा मला क्षणभर वाटलं होतं की पोर जरा उजळलेली दिसतेय. मग म्हटलं, सहा वर्षं सावलीत बसून काम करते, उजळली असेल. हस आता.

चकत्या पाठवतोय. कपड्याच्या बटणाएवढ्या आहेत, मागे नंबर आहे. एक नंबर सगळ्यात फिकट, बारा सगळ्यात गडद. खिडकीजवळ ये, दिव्याखाली नको, आणि उजव्या हाताच्या मागच्या बाजूवर एकेक ठेवून बघ. जी हातात हरवून जाईल ती तुझी.

या चकत्या मिळवताना माझीच फजिती झाली. आमच्या टेबलावर जो ट्रे असतो त्यात एक ते सहाच आहेत. बाकीच्या कुठायत विचारलं तर स्टोअरवाला म्हणाला, खालच्या खणात असतील, कोणी मागत नाही. खण उघडायला दोघं लागलो, इतका गच्च बसला होता. आणि ज्या बाटलीवर नुसतं ‘त्वचेचा रंग’ असं लिहिलंय ना, ती दोन नंबर आहे. इतकी वर्षं मी ती बाटली वापरतोय, पण कुणाची त्वचा, हे काही कधी डोक्यात आलं नाही.

तरीही सांगतो, यात कुणाचा वाईट हेतू नाही. खप कमी, म्हणून माल कमी. फोटोवाल्याचंही तसंच. तू प्रत्येक गोष्टीला शिंगं लावू नकोस.

मामा


९ फेब्रुवारी

मामा,

अकरा. खिडकीजवळ उभी राहून, ऊन असताना, दोनदा बघितलं. अकरा नंबरची चकती हातावर ठेवली आणि शोधावी लागली. ती मी माझ्याकडे ठेवून घेतलीय, बाकीच्या परत पाठवतेय.

शिंगांबद्दल. बरं, मी काही बोलत नाही, नुसतं काय झालं ते सांगते. तू शिंगं काढून दाखव.

परवा काका जेवायला गेले होते म्हणून मी काउंटरवर उभी होते. एक बाई आल्या. मी म्हटलं, या, काय हवंय? त्या म्हणाल्या, ‘दुकानात कोणी नाही का?’ मामा, मी उभी होते. मध्ये काउंटर होतं, एवढंच अंतर. म्हटलं, मी आहे ना. ‘नाही, म्हणजे, चष्म्याचं बघणारं कोणी.’ त्या बसून राहिल्या काकांची वाट बघत. काका आले, त्यांनी फ्रेम घेतली, आत माझ्याकडे पाठवली, मी वाकवली, ती बाहेर गेली. जाताना बाई म्हणाल्या, किती छान बसली.

गेल्या आठवड्यात एकाने मला फडकं आणून दिलं. त्याच्या मुलाचं सरबत जमिनीवर सांडलं होतं. मी गळ्यात दुकानाचं ओळखपत्र घालून, हातात नंबर तपासायची काच घेऊन उभी होते.

यातला प्रत्येक माणूस तुला भेटला तर सांगेल की त्याचा तसा हेतू नव्हता. मला मान्य आहे. मला सारखं हेच मान्य करून घ्यावं लागतं, याचाच वीट आलाय.

अकरा. विसरू नकोस.

मिरी


९ फेब्रुवारी

दादा,

पोरीने चकत्यांचं पाकीट पोस्टात टाकायला मला दिलं, त्यातच ही चिठ्ठी घालतेय. तिला कळू देऊ नकोस.

तिने अकरा लिहिलंय ते मी बघितलं. तू आठ घे. फार नाही म्हणत, आधीच्यासारखी पांढरीफटक नको, पण आठ घे.

तुला माझं म्हणणं पटणार नाही. तू लहानपणापासून गोरा. तुझ्या गालाला हात लावून लोक म्हणायचे, कुणासारखा झाला बाई हा! आणि मग माझ्याकडे बघून काहीच म्हणायचे नाहीत. मला बघायला आलेले पाहुणे शेजारच्या घरी चहाला गेले आणि तिथलीच मुलगी पसंत करून आले, ते तुला आठवतंय. तू तेव्हा हसला होतास. मीही हसले होते. काय करणार?

आता तिचं एवढं आयुष्यात पहिल्यांदा जमून येतंय. काउंटरवर सगळ्यात आधी हातच दिसतात. त्या मालकाला आधीचा रंग आवडला होता, तिनेच रागारागात सांगितलं. मग जरा त्याच्या मनासारखं झालं तर बिघडलं कुठे? मी तिला लहानपणी काय काय चोळलं ते तुला माहीत आहे. काही फरक पडला नाही. पण चेहरा देवाने केला, बोटं तू करतोयस. तू तरी जरा हात सैल सोड.

आई आहे रे मी तिची. माझं जे झालं ते तिचं होऊ नये, एवढंच.

तुझी बहीण


२२ फेब्रुवारी

मिरे,

दुसरी डबी. या वेळी फोटो नाही, काही नाही, सगळं चकतीवरून केलंय.

उघडल्या उघडल्या कदाचित थोडी उजळ वाटतील. घाबरू नकोस. सिलिकॉनचा रंग मुरायला वेळ लागतो. हाताचं तेल लागतं, हवा लागते, हळूहळू गडद होतात. महिन्याभरात अगदी जुळून जातील. तोवर लांब बाह्यांचं काहीतरी घाल म्हणजे डोळ्यांवर येणार नाही.

तू लिहिलेल्या त्या बाईंबद्दल विचार केला. असेल, त्यांना काकांची सवय असेल. जुनी गिऱ्हाइकं नवं माणूस पटकन स्वीकारत नाहीत. आणि फडकं देणारा तर निव्वळ गोंधळलेला दिसतो.

आईशी भांडू नकोस. तिचं तुझ्यावर फार आहे.

मामा


१ मार्च

मामा,

‘रंग मुरतो.’

ही थाप तू लिहिलीस, की आईने सांगितली आणि तू लिहून घेतलीस? लोणचं आहे का ते, मुरायला?

तू विसरलास की अकरा नंबरची चकती माझ्याकडे आहे. बोटांवर ठेवली. चकती वरून ओरडतेय, ‘मी इथली नाही.’ मग आईला विचारलं. आई आधी भांडी घासत राहिली, मग म्हणाली मला काय माहीत, मग म्हणाली ‘मी आठ सांगितलं होतं, त्याने नऊ केलं असेल.’ झालं. सगळं बाहेर आलं.

नऊ! आई आठ म्हणाली, मी अकरा म्हणाले, आणि तू आमच्या दोघींचं मन राखलंस. भाजीवाल्याशी घासाघीस करतात तशी माझ्या कातडीची केलीत तुम्ही बहीणभावांनी.

घरात त्या दिवसापासून कोणी धड बोलत नाही. आई म्हणते, मी तुझ्या भल्यासाठी केलं. मी म्हटलं, अगं पण दोन हातांचे दोन रंग घेऊन मी काउंटरवर उभी राहिले तर लोक काय बघतील? त्यावर म्हणाली, ‘उजव्या हातालापण पावडर लाव ना थोडी.’ मामा, ती हे अगदी गंभीरपणे म्हणाली. मला हसू आलं, मग इतका राग आला की मी गच्चीवर जाऊन बसले.

मला एक सांग. फोटोवाला, स्टोअरवाला, आई, तू. तुमच्यातल्या एकालाही मी नकोशी नाहीये. सगळ्यांना माझं चांगलंच करायचंय. मग प्रत्येक जण चांगलं करताना मला थोडं थोडं पुसून का टाकतो? मालक परके आहेत, त्यांच्याशी मी भांडू शकते. तुमच्याशी कसं भांडू? तुम्ही लगेच डोळ्यांत पाणी आणता.

काका महिनाअखेरीस चाललेत. आता पत्र नको, पार्सल नको. मी दोन दिवसांची रजा टाकून तुझ्याकडे येतेय. तुझ्या टेबलासमोर बसणार, हात टेबलावर ठेवणार, आणि जुळेपर्यंत उठणार नाही.

मिरी


१९ मार्च

मिरे,

तू परत गेल्यावर तिसऱ्या खेपेची बोटं पुरी केली, ती पाठवतोय. यांच्याबद्दल मी काही सांगत नाही. घालून बघ.

पण काम सांगायला हवं, कारण ते करताना माझंच डोकं फिरलं. तू समोर हात ठेवून बसलीस तेव्हा मी अकरा नंबर कालवला, लावला, आणि तरी जुळेना. तू म्हणालीस, ‘नीट बघ ना मामा.’ मग नीट बघितलं. तुझ्या हाताचा रंग एक नाहीच. सांध्यांवर जवळजवळ काळा, बोटांच्या कडेला तांबूस, तळव्याकडे वळताना एकदम फिका, आणि नखाभोवती जांभळट. फिक्या बोटांसाठी हे बारकावे मी डोळे मिटून काढतो. गडद बोटं आली की आम्ही सगळे एकच रंग फासतो आणि पुढचं काम घेतो. तसं करू नका, असं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

दुसरी गोष्ट. पहिल्या दिवशी सकाळी फाटकावरच्या वॉचमनने तुला अडवलं आणि म्हणाला, सफाईवाल्यांनी मागच्या दाराने जायचं. मी चार पावलं मागे होतो, मला ऐकू आलं. या कानांना नेमकं तेवढं ऐकू आलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी म्हणालो, नवा आहे गं तो. तो नवा नाही. चार वर्षं रोज मला सलाम ठोकतो. माझ्या घरी येऊन जेवून गेलाय. तू नुसती पुढे चालायला लागलीस. त्या चालण्यावरून कळलं की तुला हे नवं नव्हतं.

काल त्याच्याशी बोललो. तो म्हणाला, ‘साहेब, तुमची भाची आहे असं कसं कळणार? तुम्ही एवढे गोरे.’ मी म्हटलं, माझी भाची नसती तर मागच्या दाराने पाठवली असतीस ना? तो म्हणाला, ‘मग!’ त्याला माझा प्रश्नच कळला नाही. मी संध्याकाळपर्यंत धुमसत होतो. स्टोअरवाल्याशीही कडाक्याचं भांडलो. सात ते बारा नंबर टेबलावरच्या ट्रेत पाहिजेत म्हटलं. तो म्हणतो, हा रंग जात नाही. अरे, जाईल कसा? इथे येणारी निम्मी माणसं याच रंगाची, आणि सगळी सहा नंबरची बोटं घालून घरी जातात, कारण समोर तेवढीच असतात. मला वाटायचं, ती खूश आहेत.

तू येऊन माझं काम वाढवून ठेवलंस. आता माझं रोज कुणाशी ना कुणाशी वाजतंय. मालकाला बोटं दाखव आणि काउंटर घे. नाही म्हणायला त्याच्याकडे आता काही उरलेलं नाही.

मामा


६ एप्रिल

मामा,

दुकानातूनच लिहितेय, मागच्या खोलीतून. आज मशीन बंद आहे, त्यामुळे वेळ आहे. का बंद आहे ते सांगते.

आधी बोटं. मामा, मी आईला हात दाखवला आणि ती म्हणाली, ‘घातली नाहीस का अजून?’ मग तिने हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. म्हणाली, ‘माझा हात असाच आहे.’ एवढंच. पावडरीचा विषय परत काढला नाही.

काकांचा निरोप झाला. मी मालकांकडे गेले, म्हटलं, बोटं बसली, उद्यापासून उभी राहते. त्यांनी माझा हात खिडकीजवळ नेला, उलटासुलटा केला, आणि एक बोट दाबून म्हणाले, ‘वा, खरंच कळत नाही हं!’ मामा, त्यांनी दाबलं ते माझं खरं बोट होतं.

मला वाटलं, जिंकले.

मग म्हणाले, ‘पण आधीची जास्त फ्रेश दिसायची.’ म्हटलं, आधीची माझी नव्हती. मग इकडचं तिकडचं झालं. म्हणे, तू आत जास्त उपयोगी आहेस. तुझ्यासारख्या काचा कोण घासणार? तुझंच वाक्य, शब्द न् शब्द! आणि मग कळलं की काउंटरसाठी एक मुलगी आधीच ठरलीय, दुसऱ्या दिवशी येतेय. मी म्हटलं, तुम्ही दवाखान्यात सगळ्यांसमोर शब्द दिला होता, बोटांचीच अडचण होती ना? बोटं आणली. तर म्हणाले, ‘हे बघ, काम चेहऱ्याजवळचं आहे. लोकांच्या गालाला, कानाला हात लागतो. माझं काही नाही गं, पण गिऱ्हाइकं असतात एकेक.’ मी म्हटलं, पण आता बोटं कुठे ओळखू येतात? तुम्हालाही आली नाहीत.

तेव्हा वैतागून म्हणाले, ‘बोटांचं नाही म्हणत मी. दोन्ही हातांचं म्हणतोय.’

मामा, मला रडू आलं नाही. संताप आला. आणि खरं सांगू, त्याच्याखाली थोडं बरंही वाटलं. सहा वर्षं हेच होतं आणि सहा वर्षं कोणी म्हणत नव्हतं. मीच वेडी, मीच शिंगं लावणारी. तुझ्या तिसऱ्या खेपेच्या बोटांनी त्यांची सगळी कारणं संपवली, म्हणून खरं कारण तोंडातून निघालं. पहिल्या डबीतली उजळ बोटं घालून गेले असते तर मला काउंटर मिळालंही असतं कदाचित, आणि मी जन्मभर समजत राहिले असते की अडचण बोटांची होती.

नवी मुलगी आली. बिचारी गरीब स्वभावाची आहे, तिचा काय दोष? आठवडाभर ती फ्रेम घेऊन आत येत होती, ‘ताई, ही जरा वाकवून देता?’ मी देत होते. बाहेरून मालकांचा आवाज, ‘बघा, कशी बसली!’ आज सकाळी मी तिला सांगितलं, उद्यापासून नाही, आजपासूनच नाही. काचा घासेन, ते माझं काम आहे. पण फ्रेम ज्याच्या चेहऱ्यावर बसवायची तो चेहरा समोर असल्याशिवाय मी काडीला हात लावणार नाही. मालक आले, मी त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी मशीनचं बटण बंद केलं आणि म्हणाले, मग बस अशीच. बसले.

आता बाहेर गर्दी आहे. एका आजोबांचा चष्मा नाकावरून घसरतोय, ते ओरडतायत. एका मुलाच्या कानामागे टोचतंय, त्याची आई ओरडतेय. नव्या मुलीने एक काडी मोडली, मला आवाजावरून कळलं. मालकांनी स्वतः एक वाकवायला घेतली, ती उलट्या बाजूला वाकली.

मघाशी ते दाराशी आले आणि हळूच म्हणाले, ‘ये ना बाहेर जरा.’ मी म्हटलं, असं दारात येऊन नाही. काउंटरवर उभे राहा, सगळ्यांसमोर मला नावाने बोलवा, आणि सांगा की फ्रेम ही बसवते. तोंड वाकडं करून गेले. मी तुला पत्र लिहायला घेतलं. काढून टाकलं तर काय, हे मला ठाऊक नाही. आईला सांगू नकोस.

आत्ता हाक आली. ‘अगं ए’ अशी. ती मी ऐकली नाही.

परत आली. नावाने, बाहेरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. जाते. पण आधी हे पत्र पाकिटात घालून तुझा पत्ता लिहिणार, नीट, सावकाश. थांबू देत त्यांना तेवढा वेळ.

मिरी